सांधा दिसत नाही

डॉक्टर तसे दातांचे. दिवसभर लोकांच्या जबड्यांत डोकावायचं आणि संध्याकाळी घरी पुठ्ठ्याच्या नळीची रॉकेटं बांधायची, हा त्यांचा क्रम. रॉकेटं उडायची बरी. रंगाच्या बाबतीत मात्र थोरले साडू त्यांच्या उरावर बसले होते. रॉकेटवाल्यांच्या क्लबातला चकाकीचा चषक दर वर्षी साडूंच्या घरी जायचा. वर डॉक्टरांचं रॉकेट हातात घेऊन ते म्हणायचे, "हं. लांबून छान दिसतं." त्या 'लांबून'नं डॉक्टरांचं जेवण कडू व्हायचं. ह्या माणसानं एकदा तरी आपलं काम जवळून बघावं आणि गप्प बसावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

यंदा त्यांनी कंबर कसली. शेपटीच्या लाकडी पंखांच्या बारीक भेगांत रंगाऱ्याची लांबी भरली, घासली, पुन्हा भरली. अस्तराचा हात, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, मग रंगाचा फवारा, मग पुन्हा पेपर. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेनं हवा धुऊन काढली, रॉकेट तिथे टांगलं आणि घरच्यांना दार बंद. बायको टॉवेल खांद्यावर टाकून बहिणीकडे अंघोळीला जाऊ लागली.

"भाऊजी विचारत होते, तुमच्याकडे पाणी येत नाही का?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, पाणी येतं, रॉकेट जात नाही."

आता रॉकेटच्या डोक्यावर टोपी असते. वर पोचल्यावर आतली दारू धक्का देते, टोपी सुटते, छत्री उघडते आणि रॉकेट अलगद खाली येतं. त्या टोपीचा आणि नळीचा सांधा डॉक्टरांना सलायला लागला. एवढ्या आरशात ही एक रेघ कशाला? दातांच्या डॉक्टरला फट दिसली की हात शिवशिवतात. त्यांनी ती लांबीनं बुजवली आणि वरून रंगाचे हात चढवले. सांधा नाहीसा झाला. डॉक्टर त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर एका बाईंनी त्या रॉकेटात बघून केस सारखे केले. साडू आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं.

"डॉक्टर, ह्याची टोपी कुठे सुरू होते?"

"शोधा की."

"सापडत नाही म्हणून तर विचारतोय. छत्री कुठून बाहेर येणार?"

जळतोय, डॉक्टरांना वाटलं. हार पचेना म्हणून खुसपट काढतोय. उडून धड परत आलेल्या रॉकेटलाच चषक द्यायचा, असा क्लबाचा नियम होता. डॉक्टरांनी तोऱ्यात बटण दाबलं.

रॉकेट झकास वर गेलं. वर पोचल्यावर फट्ट असा बारीक आवाज झाला आणि टोपी जागची हलली नाही. मग रॉकेटनं सावकाश नाक खाली केलं आणि उन्हात लखलखत थेट जमिनीकडे निघालं. ते मातीत घुसेपर्यंत डॉक्टरांना सगळं कळून चुकलं होतं. पक्की कवळी बसवावी तशी त्यांनी आपल्याच हातानं टोपी बसवली होती.

तिथे साडू आधी पोचले. आता हा तोंडसुख घेणार, म्हणून डॉक्टर मान खाली घालून उभे राहिले. साडूंनी तुकडे उचलले, रुमालानं माती पुसली आणि टोपी ओढून पाहिली. ती अजूनही निघेना.

"डॉक्टर," ते आवाज उतरवून म्हणाले, "शेवटच्या हाताला पेपर कुठला वापरलात?"

चषक साडूंनाच मिळाला. तो काखोटीला मारून ते डॉक्टरांच्या मागेमागे हिंडत होते, लांबी किती पातळ करायची, वाफ किती वेळ सोडायची. डॉक्टरांनी बरंचसं सांगितलं. सगळं नाही.

घरी निघताना बायकोनं पाहिलं, तर नवरा मांडीवर तुकडे घेऊन हसत होता.

"अहो, फुटलं ना ते?"

"फुटलं," डॉक्टर म्हणाले. "पण चषक त्याच्या हातात होता, आणि तो मला विचारत होता."