तोडणीच्या तोंडावरची सहल

द्राक्षतोडणी आठ दिवसांवर आलेली असताना ओरेस्तेने सहल काढली, तेव्हाच निवेसच्या मनात पाल चुकचुकली. तिचा हा नवरा सिएनाजवळच्या एका वाईनघराचं तळघर तीस वर्षं सांभाळत होता. त्याचे वडील वारले तेव्हासुद्धा पिंपं सोडून दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला नव्हता. आणि आता म्हणे, समुद्राकाठच्या रस्त्याने तिघं कापाल्बियोपर्यंत जाऊ, सहज. सहज काही करणाऱ्यांतला हा माणूसच नव्हता.

गाडी त्यांची मुलगी देलिया चालवत होती. उजवीकडे समुद्र, डावीकडे द्राक्षमळे, पोरगी खुशीत होती. पण वाटेत एखादं तळघर आलं की ओरेस्ते म्हणायचा, तुम्ही दोघी कॉफी घ्या, मी आलोच. कास्तान्येतोला त्याने तास लावला, फोलोनिकाला त्याहून जास्त. बाहेर यायचा तो तोंड पाडून, आणि वाईनबद्दल चकार शब्द नाही. एरवी एका घोटावर दोन तास डोकं खाणारा माणूस. नक्की एखादी बाई असणार, हे निवेसने देलियाला बोलूनही दाखवलं.

"आई, दर गावात एक?" देलिया म्हणाली. "बाबांना जिना चढला की दम लागतो."

निवेसला हसू आलं नाही. तिच्याकडे पुरावा होता. वाईन चाखणाऱ्याच्या घरात अत्तर चालत नाही, वासाचा साबणही नाही. लग्न झाल्यापासून एकतीस वर्षं तिने हे निमूट पाळलं होतं. हातांना क्रीम लावून आलेल्या सख्ख्या बहिणीला ओरेस्तेने एकदा दारातून हात धुवायला पाठवलं होतं. म्हणून पहिल्याच दिवशी निवेसने मुद्दाम अत्तराची बाटली विकत घेतली आणि अंगावर जवळजवळ ओतली. देलियाने खोकत चारही काचा खाली केल्या. ओरेस्ते शेजारी बसून रस्ता बघत राहिला. याला अत्तराची सवय कुणी लावली, या एकाच प्रश्नाने निवेसचा जीव पोखरून काढला. अंघोळीला गेली की ती नळ सोडून रडायची.

तिसऱ्या दिवशी कापाल्बियोत तोर्क्वातोचा मळा आला. देलिया पोहायला गेली, पण निवेस हटूनच बसली, मी आत येणार. ओरेस्तेचा चेहरा उतरला, तेही तिने टिपलं. आत शिरताच तिची नजर बाई शोधू लागली. तोर्क्वातोची काठी टेकत चालणारी बायको सोडली, तर तिथे दुसरी बाई नव्हती.

तोर्क्वातो आणि ओरेस्ते एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. माणूस दिलदार, पण तोंडात तीळ भिजत नाही. त्याला दुपारी कळलेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या किनाऱ्याला कळायचं. त्याने मांडवाखालच्या टेबलावर सहा वर्षं जपलेली बाटली उघडली आणि रिवाजाप्रमाणे पहिला ग्लास ओरेस्तेला दिला. मग निवेसला, मग स्वतःला. ओरेस्तेने ग्लास फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले, घोट तोंडात घोळवला.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "चेरी आहे, शेवटी थोडा खारटपणा. तुझी आजवरची सगळ्यात चांगली."

निवेसने ग्लास नाकाशी नेला आणि तिचा हात तिथेच थांबला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. बूच खराब निघून बाटली नासली होती, आणि हे कळायला उस्तादाची गरज नव्हती. तिने ओरेस्तेकडे पाहिलं. तो आधीच तिच्याकडे बघत होता, निकालाची वाट बघावी तसा. याला कसलाच वास येत नव्हता. तिच्या अत्तराचा नाही, कुणाच्याच अत्तराचा नाही.

तोर्क्वातोने स्वतःचा ग्लास उचलला. आता तो हुंगणार, आणि उद्या ओरेस्तेचं नाव, नोकरी, सगळं जाणार. निवेसने त्याच्या ग्लासावर पंजा ठेवला.

"पिऊ नकोस. नासलीय. पाहुण्याने कौतुक केलं की तू मान डोलावतोस का, ते बघत होता हा."

तोर्क्वातोने हुंगलं, शिवी हासडली, ओरेस्तेच्या पाठीत धपाटा घातला आणि हसत दुसरी बाटली आणायला तळघरात उतरला.

"कधीपासून?" निवेसने विचारलं.

"फेब्रुवारीत ताप आला होता, तेव्हापासून." दुसऱ्यांच्या तळघरांत तरी एखादा वास परत भेटेल, म्हणून तो वणवण करत होता. घरी सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, एवढंच त्याला वाटत होतं.

निवेसला इतका राग आला की तो कुणावर काढावा तेच कळेना.

"मला वाटलं बाई आहे. बाई असती तर झिंज्या उपटून तुला घरी नेलं असतं. आता कुणाच्या झिंज्या उपटू?"

ओरेस्तेने हसायचा प्रयत्न केला. तोडणीनंतर मालक पिंपांपुढे उभा राहून वाईन कशी झाली ते विचारेल, तेव्हा तू अशीच सांभाळून घेशील का, असं त्याने हळूच विचारलं.

"नाही," निवेस म्हणाली. "तीन दिवस संशयात काढले, जीव जायची वेळ आली. आता जन्मभर लपवाछपवी माझ्याच्याने होणार नाही."

तोर्क्वातो बाटली पुसत वर आला. त्याने बूच काढलं आणि ओरेस्तेचा ग्लास पुढे ओढला.

"तोर्क्वातो," ओरेस्ते म्हणाला, "मघाशी मी थट्टा केली नाही. मला वास येत नाही. सात महिने झाले."

तोर्क्वातो बाटली धरून तसाच उभा राहिला. मग त्याने पहिला ग्लास भरला आणि तो निवेसपुढे ठेवला.

निवेसने हुंगला. तिला घाई करायची नव्हती.

"चांगली आहे," ती म्हणाली.

तोर्क्वातोने भरून दिलेला ग्लास ओरेस्तेने नाकाशी नेला नाही. तिच्या शब्दावर तो तसाच प्यायला.