शेवटचा थेंब

“रंग आलेला नाही. प्रथिन गैरहजर, असं लिहून टाकतो,” आमचे पॅथॉलॉजिस्ट उत्तरेश्वर साहेब सूक्ष्मदर्शकातून डोकं वर न काढता म्हणाले.

लॅबच्या जुन्या टेक्निशियन सिंधुबाई त्यांच्या खुर्चीमागेच उभ्या होत्या. “साहेब, डाव्या कडेला निरोगी जठराचा तुकडा हाय. तिथं आलाय का रंग?”

साहेबांनी काच सरकवली. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. “बंकट, काय केलंस तू? निरोगी पेशींवरपण रंग नाही. आख्खी स्लाइडच फुकट गेली.”

कारखान्याच्या सहकारी दवाखान्यात रक्त काढायचं काम करून मला पंधरा वर्षं झाली होती, आणि लॅबमध्ये काहीही बिघडलं की पहिलं नाव माझंच निघायचं. सवय झाली होती. आजवर निम्म्या वेळा खरंही निघालं होतं, त्यामुळे रागावण्याचीही सोय नव्हती. पण ती स्लाइड मी केली नव्हती. ती सिंधुबाईंनी केली होती, कारण तुकडा त्यांच्या धाकट्या भावाच्या जठराचा होता.

शहादेव कारखान्याच्या वजनकाट्यावर होता. दुष्काळाचं तिसरं वर्ष, ऊस नाही, काटा बंद. घरी बसल्यावर त्याला जेवण जाईना. दुर्बीण घातली, तुकडा काढला, कॅन्सर निघाला. आता प्रश्न एवढाच होता की तो कुठल्या जातीचा. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ई-कॅडहेरिन नावाचं. ते असलं की पेशी आपल्या कडेवर तपकिरी रंग घेतात. नसलं तर पेशी सुट्या होऊन पोटभर पांगतात. आणि ते नसणं कधीकधी घराण्यातून येतं. बाईंची आई बेचाळिसाव्या वर्षी पोटाच्याच दुखण्यानं गेलेली. मावशीही तशीच.

बाईंनी कोपऱ्यातला ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड पाण्याचा कॅन उचलला, झाकण काढून वास घेतला आणि तो माझ्या नाकाखाली धरला. ब्लीचिंगचा उग्र दर्प आला.

ते टँकरचं पाणी होतं. रंगाची सगळी द्रावणं त्यातच बनली होती, आणि एवढ्या ब्लीचिंगनं रंगाची औषधं मेली होती. कसं झालं ते मला लगेच कळलं. परवा टँकरचा हॉर्न वाजला, तसा सगळा दवाखाना भांडी घेऊन पळाला. आमच्याकडे त्या वर्षी घरात रिकामं भांडं दिसलं की जीव कासावीस व्हायचा. पिंप, पातेली, लोटे, सगळं भरून घ्यायचं. या घाईत कुणीतरी रिकामा कॅनही भरला होता.

साहेब माझ्याकडेच बघत होते. मी मान खाली घातली. बाई वयानं मोठ्या, सहा महिन्यांत रिटायर होणार. आपणच घेऊ अंगावर, म्हटलं.

“त्यानं न्हाई भरला,” बाई म्हणाल्या. “माझ्या हातानं भरला मी, अन् विसरले. बत्तीस वर्षं मी लोकांना सांगितलं, या कॅनला हात लावू नका. अन् हॉर्न वाजला की मीच धावले. तसं लिहा रजिस्टरला.”

साहेबांनी रजिस्टर ओढून तसं लिहिलं. मग फ्रिजमधून त्यांनी पुण्याहून बर्फात आलेली, ते प्रथिन दाखवणाऱ्या औषधाची छोटी बाटली काढली आणि उजेडात धरली. तळाशी एकाच स्लाइडपुरता थेंब होता. नवी बाटली यायला महिना लागणार होता, आणि शहादेवचा कागद सर्जनकडे नेणारी गाडी चार वाजता निघणार होती.

“शुद्ध पाणी पाहिजे,” साहेब म्हणाले. “डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र तर ऑफिसनं बंद ठेवलंय.”

ते बरोबरच होतं. त्या यंत्रात एक कॅन शुद्ध पाणी पडेपर्यंत थंडाव्याचं पाणी बादल्यांनी वाहून जातं. पाडव्यापासून त्याला कुलूप होतं. बाईंनी ड्रॉवरमधून किल्ली काढली. “वाहून जाऊ देणार न्हाई. बंकट, वार्डातल्या बायांना बादल्या घेऊन बोलव.”

बाया आल्या. पुढे शहादेवची बायको छबुबाई. यंत्राच्या नळीतून कढत पाणी पडत होतं आणि बाया बादल्या बदलत होत्या, कपडे धुवायला नेत होत्या. दुसऱ्या बाजूनं शुद्ध पाणी थेंबाथेंबानं काचेच्या बरणीत उतरत होतं. मला तर त्या बरणीकडे बघवेना. अकरा वाजले तरी तळच झाकला होता.

मग बाईंनी त्याच तुकड्याची नवी स्लाइड द्रावणात ठेवली आणि रंग नीट धरावा म्हणून प्रेशर कुकर शेगडीवर चढवला.

“आक्का, डाळ शिजवायलाव का?” छबुबाईंनी दारातून विचारलं.

“तुझ्या नवऱ्याचा तुकडा शिजवायले,” बाई म्हणाल्या. छबुबाई हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. “हे बघ छबू. आईच्या पोटात पोर पहिल्यांदा आठ पेशींचं असतं. सुट्या सुट्या पेशी. मग हे प्रथिन येतं अन् त्या एकमेकींना घट्ट बिलगतात. न्हाई बिलगल्या तर पोर धरतच न्हाई. आपण सगळे त्याच्यावरच उभे हाव. शहादेवच्या गाठीत ते हाय का न्हाई, एवढंच बघायचंय.”

“अन् न्हाई निघालं तर?”

“तर मग बाकीच्यांचं बघावं लागतं.”

बाकीचे म्हणजे कोण, हे छबुबाईंनी विचारलं नाही. मला माहीत होतं. बाई स्वतः, आणि गेवराईला दिलेली त्यांची लेक. तिला सहावा महिना चालू होता.

शेवटचा थेंब टाकताना बाईंचा हात हलला नाही. मी हात खिशात घालून बाजूला उभा राहिलो. तासभर स्लाइड ओल्या डब्यात ठेवली, धुतली, पुढची औषधं घातली. साडेतीनला साहेब सूक्ष्मदर्शकावर बसले. काच एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवली. उठले आणि बाईंना खुर्ची दिली.

बाईंनी पाहिलं. मग मला म्हणाल्या, “तू बी बघ.”

मी डोळा लावला. डाव्या कडेच्या निरोगी पेशी तपकिरी रेघांनी एकमेकींना खेटून बसल्या होत्या, इतक्या नेटक्या की कुणी पेनानं काढल्या असाव्यात. आणि त्यांच्या खाली गाठीच्या पेशी, निळ्या, बिनकाठाच्या, एकेकट्या सुटून गेलेल्या. या वेळी स्लाइड बरोबर होती.

“यावरून घराण्यातलंच आहे असं ठरत नाही,” साहेब हळू म्हणाले. “पुष्कळदा फक्त गाठीतच बिघाड असतो. आधी शहादेवचं रक्त मुंबईला पाठवू. त्यात बिघाड सापडला, तरच तुमचं.”

“त्याच्या बाटलीसंगं माझी बी जाऊ द्या. त्याचं येईस्तोवर लेकीशी फोनवर काय बोलू मी? मला खोटं जमत न्हाई, साहेब.”

साहेबांनी मान डोलावली आणि रिपोर्टवर सही केली.

बाई माझ्या खुर्चीत येऊन बसल्या. मी हजारो लोकांचं रक्त काढलं असेल, पण त्या दिवशी मला शीर सापडेना. बाईंनीच दुसऱ्या हाताच्या बोटानं जागा दाखवली. लेबलवर मी त्यांचं नाव लिहिलं, वय लिहिलं. फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा रकाना होता. तिथं अडलो.

“बहीण लिही,” त्या म्हणाल्या. “अन् खाली लेकीसाठी ‘आई’ म्हणून बी जागा ठेव.”

तेवढ्यात फाटकाकडून टँकरचा हॉर्न आला. कॉरिडॉरमध्ये एकच पळापळ झाली, घागरी एकमेकींवर आपटल्या. छबुबाईसुद्धा बादली घेऊन धावल्या. माझेही पाय उचलले होते.

सिंधुबाई उठल्या नाहीत. त्यांनी कोपर दुमडून कापूस दाबून धरला होता, आणि दुसरा हात धुऊन ठेवलेल्या रिकाम्या कॅनच्या झाकणावर होता. हॉर्न वाजत होता तोवर त्यांनी तो हात तिथून काढला नाही.