कोटाची मागची बाजू

"सुहास, भिंतीला टेकून का उभे आहात? टेबल जरा पुढे घ्या."

"घेतो, मॅडम," सुहास म्हणाला आणि जागचा हलला नाही.

लोणावळ्याच्या त्या रिसॉर्टमध्ये एका कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाचा दुपारचा समारंभ होता. व्यवस्था सुनेत्रा मॅडमची. गाणी लावायला त्या नेहमी सुहासला बोलावत. पण मागच्या महिन्यात तो छातीवर वाघाचं तोंड छापलेला टी-शर्ट घालून आला आणि पाहुण्यांनी नाकं मुरडली. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "ही वरात नाही, सुहास. पुन्हा कपड्यांवरून ऐकावं लागलं, तर मी दुसरा माणूस बघेन."

वरातींची कामं त्याने सोडली होती. एक कान त्यातच गेला होता. हे काम गेलं तर दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून आज काळा कोट. बायकोने, रेणुकाने शिवलेला. बेडसे गावात ती बायकांचे ब्लाऊज शिवायची. कोट तिने आयुष्यात हा एकच शिवला, आणि मग अंथरुणाला खिळली. तिला जाऊन सात महिने झाले होते. कोट तेव्हापासून कपाटात होता.

कामाला निघताना ती त्याला दारात अडवायची. "वळा." तो वळायचा. ती कॉलर नीट करायची, पाठीवरचा केस उचलायची. "पुरुष आरशात म्होरनंच बघत्यात," म्हणायची. "लोकं मागनं बी बघत्यात."

आज दारात कोणी नव्हतं. घरच्या आरशात छातीपर्यंत दिसत होतं. तेवढं ठीक दिसलं, म्हणून तो निघाला.

हॉलमध्ये वाकून वायर जोडताना मागच्या टेबलावरच्या दोन मुली हसल्या. "अगं, त्यांच्या मागे बघ ना!" एक म्हणाली. तेव्हापासून त्याने पाठ भिंतीला लावली होती. काय असेल? पँट उसवली? टेम्पोत बसताना ग्रीस लागलं? त्याने हळूच हात मागे नेऊन चाचपलं. फाटलेलं काही हाताला लागेना. मग तर तो जास्तच घाबरला. गाणं बदलताना बोट चुकलं आणि दोन गाणी एकमेकांवर चढली. मॅडमनी लांबून बघितलं.

थोड्या वेळाने त्या जवळ आल्या. "एक वाजता मोठे साहेब येतील. तुम्ही स्टेजवर जाऊन त्यांना माईक द्यायचा. दोन्ही हातांनी, जरा वाकून. फोटो निघणार आहेत."

"मी?"

"मग कोण? आज कोट घातलाय ना छान!"

स्टेजवर जायचं म्हणजे दोनशे माणसांकडे पाठ. त्यात वाकायचं. घड्याळात एकला सात मिनिटं कमी होती.

फरशी पुसणाऱ्या भामाबाई फडकं घेऊन त्याच्यापाशी आल्या. "सरका भाऊ. मगाधरनं बघतीया, भिताडाला चिटकून हाये. पाल हाय का काय तुमी?"

सुहासने इकडेतिकडे बघितलं. "मावशी, माजं एक काम करता? मागनं जरा बघा. काय हाये का."

"व्हय, बघते की. वळा."

तो वळला. भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"फाटलंय का?"

"न्हाई वो. कोटाला खाली चीर असती ना, ती टाचलीया. पांढऱ्या दोऱ्याच्या दोन फुल्या. कच्चं टाकं हायेत. शिंपी काडायला इसरला तुमचा."

"शेवटची ट्रायल झाली की काडीन," रेणुका म्हणाली होती. "घाई नका करू." ट्रायल राहूनच गेली.

"इसरली न्हाई वो ती," सुहास भिंतीला म्हणाला. "ऱ्हायलं तिचं."

भामाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्यायचं का?"

"सुहास!" सुनेत्रा मॅडम दारातून हात करत होत्या. "आले, साहेब आले!"

माणसं उभी राहिली. टाळ्या सुरू झाल्या. सुहासने टेबलावरचा टेप कापायचा कटर उचलला आणि न वळताच मागे दिला.

"काडा. पन टाकू नका खाली."

त्याने डावा हात पाठीमागे नेऊन उघडा धरला. कट, कट, असे चार बारीक आवाज झाले. तळहातावर दोऱ्याचे तुकडे पडत होते, पण इतके हलके, की पडल्याचं कळेना. म्हणून तो थांबून राहिला.

"झालं," भामाबाई म्हणाल्या. "आता बेस दिसतंय. जावा."

सुहास पायऱ्या चढला. दोनशे माणसांच्या डोळ्यांसमोर त्याची पाठ होती, आणि हसलं कोणी नाही. तो साहेबांपुढे नीट वाकला.

माईक मात्र त्याने एकाच हाताने दिला. खालून मॅडम डोळे मोठे करून दोन्ही हात दाखवत होत्या. त्याला दिसलं. पण डावी मूठ त्याने उघडली नाही.