वितोमिरच्या खोलीत कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुना सेन्सर आहे, आणि मी आंधळा नाही, हे आधीच सांगून टाकतो. या घरात मला आंधळा म्हणून झाले, भंगार म्हणून झाले, एकदा तर माझ्यावर चप्पल फेकून झाली. ती लागली नाही. ल्युबिंकाचा नेम चांगला नाही.

माझे रूप म्हणजे अर्ध्या लिंबाएवढा पांढरा प्लास्टिकचा घुमट. त्यात बारीक बारीक भिंगे आणि भिंगांच्या मागे एकच डोळा. या डोळ्याला रंग कळत नाही, चेहरा कळत नाही. त्याला फक्त हलणारी ऊब दिसते. ऊबदार जीव इकडचा तिकडे गेला की मी दिवा लावतो. तो जीव थांबला की माझ्यापुरता तो तिथे नाही. मला असेच घडवले आहे. कारखान्याने हे माझ्या खोक्यावर छापलेही होते. बारीक अक्षरांत छापले होते, पण छापले होते.

माझी उमेदीची वर्षे झ्रेन्यानिन शहरातल्या एका इमारतीच्या जिन्यात गेली. जिन्यात बसून कोण राहतो? लोक चढतात, नाहीतर उतरतात. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत येणाऱ्या बाया म्हणायच्या, "देव भलं करो बाई या दिव्याचं!" ती स्तुती दिव्याला मिळायची, पण काम माझे होते. मग इमारतीची डागडुजी निघाली आणि ग्वोज्देन नावाच्या वायरमनने मला उपटून खिशात टाकले.

ग्वोज्देन मनाने वाईट नाही. घाईचा आहे, फुकटाचा लोभी आहे, आणि आपल्याला सगळे कळते असे त्याला वाटते. त्याची थोरली बहीण ल्युबिंका बेकरीत कामाला जाते. तिचा नवरा वितोमिर तिसा नदीवरच्या मालबोटीवर खलाशी होता. पुढे त्याच्या स्नायूंना आजार लागला. आता तो चाकांच्या खुर्चीत असतो. हातपाय हलत नाहीत. मान हलते, तीही थोडी. जीभ मात्र पूर्वीसारखीच चालते.

"ताई, हे बघ," मला भिंतीवर बसवत ग्वोज्देन म्हणाला. "तू कामावर असलीस तरी दाजी खोलीत आहेत का ते फोनवर दिसेल. दिवा, हीटर, सगळं आपोआप. घर हुशार होणार आता!"

"बरं झालं," वितोमिर म्हणाला. "तू आलास की इथं कोणीतरी हुशार लागतंच."

दुसऱ्या दिवशी ल्युबिंका उजाडण्याआधीच कामावर गेली. वितोमिर खिडकीशी बसला. मी वाट पाहिली. ऊब होती, पण हलत नव्हती. म्हणून मी दिवा मालवला, हीटर बंद केला आणि ल्युबिंकाच्या फोनवर कळवले: खोलीत कोणी नाही.

नवरा खुर्चीतून पडला असे समजून ती बर्फातून धावत आली. हातांना पीठ तसेच. दार उघडते तर अंधारात, गारठ्यात तो बसलेला.

"आलीस?" तो म्हणाला. "मी कुठं गेलो होतो, ते मलाही सांग."

हे पुन्हा पुन्हा होऊ लागले. ग्वोज्देनने माझी तार तपासली, मला थोडे वर घेतले, मग थोडे खाली घेतले. शेवटी म्हणाला, "दाजी, तुम्हीच अधूनमधून मान हलवत जा की जरा!"

"तुझ्यासमोर मान हलवली तर तुझं म्हणणं पटल्यासारखं दिसेल," वितोमिर म्हणाला.

पण बायको धावत येऊ नये म्हणून तो मान हलवायचा. एकटा बसून, दुखेपर्यंत, माझ्याकडे पाहत. कधी मला दिसे, कधी तेवढी हालचाल मला पुरत नसे. माणसाने आपण जिवंत आहोत हे भिंतीला पटवत बसायचे! ही कुठली हुशारी, तुम्हीच सांगा.

मला काढून टाका, असेही तो एकदा म्हणाला. "आणि तू खरंच पडलास तर मला कळणार कसं?" असे ल्युबिंकाने विचारले आणि मी भिंतीवरच राहिलो. तिकडे बेकरीच्या मालकाने बजावले होते, पुन्हा काम टाकून पळालीस तर परत येऊ नकोस. ल्युबिंका गावाबाहेरच्या एका शुश्रूषागृहात जाऊन आली. संत निकोलाचा सण झाला की वितोमिरला तिथे ठेवायचे ठरले. त्याने वाद घातला नाही. एवढेच विचारले, "तिथं मी दिसेन का कोणाला?"

ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. चप्पल मला त्याच दिवशी फेकून मारली.

संत निकोला या घराचा रक्षक. त्याच्या दिवशी सकाळीच मोठी मेणबत्ती लावतात आणि दिवसभर ती तेवत ठेवतात. ग्वोज्देनने ती संताच्या चित्राखालच्या फळीवर ठेवली, अगदी माझ्या तोंडासमोर. मग सणाची गोल, नक्षीची पावरोटी घेऊन सगळे चर्चमध्ये गेले. वितोमिरलाही त्याने गाडीत घालून नेले. घरात कोणी उरले नाही.

आणि मी ल्युबिंकाला कळवले: खोलीत कोणीतरी आहे.

पुन्हा कळवले. आणि पुन्हा.

सगळ्यांना घेऊन ग्वोज्देन गाडीने परतला आणि गाडीतला लोखंडी दांडा घेऊन दाराकडे धावला. दार ढकलून ओरडला, "बाहेर ये, चोरा!" कोणी आले नाही. खिडकीच्या फटीतून वारा येत होता आणि मेणबत्तीची ज्योत डावीकडे उजवीकडे डोलत होती. हलणारी ऊब. तो दांडा धरून तसाच उभा राहिला.

मागोमाग ल्युबिंका खुर्ची ढकलत आली. "कोण होतं रे?"

"मेणबत्ती."

वितोमिर हसला, खोकला येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "म्हणजे या घरात मेणबत्ती राहते. मी राहत नाही."



पाहुणे आले, माशांचे कालवण जेवून गेले. शेवटचा पाहुणा दाराबाहेर पडताच ल्युबिंकाने मेणबत्ती विझवली, नवऱ्याला आतल्या पलंगावर निजवले आणि रिकामी खुर्ची माझ्यासमोर आणली.

"बस," ती भावाला म्हणाली. "आणि हलू नकोस."

"ताई, काय पोरखेळ..."

"बस म्हणते ना!"

तो बसला. ती दारापलीकडे गेली. बाहेर अंधारले होते. थोड्या वेळाने मी माझे काम केले. दिवा गेला. ग्वोज्देनने झटकन हात वर केला आणि दिवा लागला.

"हात खाली! वितोला उचलता येतो का हात?"

हात खाली गेला. मी पुन्हा दिवा मालवला. या वेळी तो हलला नाही. हीटर गार पडत गेला. ल्युबिंका दाराबाहेर उभी होती, आत आली नाही.

"ताई, लाव ना गं दिवा," अंधारातून आवाज आला. तो आवाज वायरमनचा नव्हता. लहानपणीच्या धाकट्या भावाचा होता.

"मी या घरातून माणूस काढायला निघाले होते," ल्युबिंका म्हणाली. "भिंतीवरचं डबडं काढायचं सुचलं नाही मला. तुलाही नाही."

मग तिने दिवा लावला.

त्यानंतर ग्वोज्देनने पहिल्यांदा खोक्यांवरची बारीक अक्षरे वाचली. त्याने रडारवाला सेन्सर आणला. तो हलके तरंग सोडतो आणि माणसाची छाती श्वासाने वरखाली होते तेवढ्यावरून माणूस ओळखतो. तोही काही देव नव्हे. पहिल्याच दिवशी त्याला पातळ भिंतीपलीकडची ल्युबिंका दिसली. वितोमिर न्हाणीघरात असताना तो खोलीत आहे असे त्याने ठोकून दिले.

"आधी मी कुठंच नव्हतो, आता दोन ठिकाणी आहे," वितोमिर म्हणाला. "प्रगती आहे!"

पण या वेळी ग्वोज्देनने घाई केली नाही. सेन्सरची नजर भिंतीपर्यंतच राहील अशी बेतली, हलत्या पडद्यापासून त्याला दूर बसवले. वितोमिरला बसवून पाहिले, डोळे मिटून पाहिले, खोली रिकामी करून पाहिले. प्रत्येक वेळी विचारले, "दाजी, ठीक?" दाजी मान हलवत नव्हते. तोंडाने सांगत होते. शुश्रूषागृहाला ल्युबिंकाने नाही म्हणून कळवले.

मला लोणच्यांच्या बरण्यांच्या कोठीत लावले आहे. तिथे येतो तो वाकतो, शोधतो, बरणी घेऊन जातो. तिथे माझे ठीक चालते.

मित्रांनो, दुकानात जाल तेव्हा माझा रंग बघू नका, फुकट मिळतो म्हणून मला उचलू नका. ज्याच्या खोलीत मला लावणार, त्याच्या खुर्चीत आधी बसा. तो बसतो तसे बसा. दिवा गेला तर हात हलवू नका, उठू नका. त्या अंधारात थोडे थांबा, म्हणजे काय आणायचे ते कोणी सांगावे लागणार नाही. आणि यंत्राने 'कोणी नाही' म्हटले म्हणून माणसाला घराबाहेर काढू नका. आधी आत जाऊन त्याला हाक मारा.

बेकरीत ल्युबिंका आता पावांच्या दोन खेपांच्या मध्ये हात पुसून फोन बघते. वितोमिर गाढ झोपलेला असतो, बोटही हलत नाही. फोनवर लिहिलेले असते: खोलीत माणूस आहे. ती फोन खिशात ठेवते आणि पुढची खेप भट्टीत सरकवते.