यादीत नसलेला आजोबा

"काका, पुरावा काय आहे? तेवढं बोला ना." विनीतने फलकाचा कागद माझ्या हातातून काढून घेतला.

विनीत आमच्या लालबागच्या मंडळाचा सेक्रेटरी. यंदाचा गणपतीचा देखावा होता गोदीतला स्फोट. चौदा एप्रिल चव्वेचाळीस, दुसरं महायुद्ध चालू, दारूगोळ्याचं जहाज गोदीत पेटलं आणि अर्धी मुंबई हादरली. देखाव्याबाहेर आमच्या चाळीतल्या मृतांच्या नावांचा फलक लागणार होता. पहिलं नाव समोरच्या लतिकाताईंच्या आजोबांचं, कारण ते बंबवाले. माझा आजोबा त्याच दिवशी त्याच गोदीत कापसाच्या गासड्या उचलत होता. तो घरी आलाच नाही. त्याचं नाव मात्र फलकावर नव्हतं.

"त्यांच्याकडे फायर ब्रिगेडचं पत्र आहे, फोटो आहे. तुमच्याकडे बॉडी नाय, कागद नाय. ताईंनी लिहून दिलं तर टाकतो. त्यांना जुनं सगळं माहितेय."

म्हणजे पुन्हा लतिकाताईच. खरं सांगतो, मी त्या बाईवर लहानपणापासून जळतो. त्यांच्या भिंतीवर फोटो, फोटोला हार, दर चौदा एप्रिलला फायर ब्रिगेडच्या कार्यक्रमाचं आमंत्रण. परत आल्या की जिन्यात मुद्दाम थांबून सांगणार, बँड किती छान वाजला. आणि आमच्याकडे काय? हिटलर कोण, जपान कुठे, माझ्या आजोबाला पत्ताही नसेल. त्या लढाईने त्याला गिळलं आणि ढेकरही दिली नाही. तीस वर्षं मी पालिकेच्या पाण्याच्या पंपावर घासली. एकदा तरी कोणी मला 'त्यांचा नातू' म्हणावं, एवढीच हाव होती.

तसाच तणतणत गेलो. लतिकाताई दारात घेवडा मोडत बसल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, निवृत्त शिक्षिका, लग्न केलं नाही, बोलणं मोजूनमापून.

"देईन की लिहून," त्या म्हणाल्या. मी भांडायच्या तयारीने आलेलो, पंचाईतच झाली. "पण रघू, यादी मृतांची आहे ना?"

"मग काय जिवंतांची?"

"तुझी आजी एकदा तरी म्हणाली का, ते गेले म्हणून?"

नव्हती म्हणाली. 'येतले ते,' एवढंच म्हणायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, चाळीतल्या हळदीकुंकवाला सगळ्यांच्या आधी हजर. मला तिची लाज वाटायची.

"माझ्या आजीला दुसऱ्याच दिवशी ब्रिगेडचा साहेब सांगून गेला," लतिकाताई म्हणाल्या. "पंचवीस वर्षांची होती. त्याच दुपारी बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, या उंबऱ्यावर. पुढे दर संक्रांतीला ती दार लोटून घ्यायची आणि फटीतून तुझ्या आजीकडे बघत बसायची. जळायची रे. म्हणायची, 'तिला कोणी सांगायला आलं नाही, नशीबवान मेली.' तुझी आजी गेली तेव्हा तिला हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. माझी आजी त्या दिवशी जेवली नाही."

त्यांनी हात पुसले, वहीचा कागद फाडला, सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सही केली. "घे. पुढचं तू ठरव."

खाली मंडपात विनीत वाटच बघत होता. "मिळालं ना? आत्ता छापायला जातंय."

"नको टाकू."

"अरे काका, सकाळपासून डोकं खाल्लंत माझं."

"आजीला विचारायचं राहिलं," मी म्हणालो.

उद्घाटनाच्या दिवशी लतिकाताईंना शाल आणि श्रीफळ मिळालं. पाहुणे त्यांना 'हुतात्म्याची नात' म्हणाले. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. टाळ्या मात्र वाजवल्या.

शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी वाकून विचारलं, "तुमच्याही घरातलं कोणी गेलं होतं का हो त्या स्फोटात?"

"नाही," मी म्हणालो.