दगडाबाईंची कुबडी

मी एक जुनी कुबडी आहे, मित्रांनो. पूर्णा गावच्या एका सुताराने मला सागवानातून घडवले आणि माझ्या माथ्यावर कापडाची गादी शिवली.

दगडाबाईंचा मुलगा जीवन मोटारसायकल चालवत होता. पेडगावजवळ गाडी घसरली. त्याला साधे खरचटले, पण मागे बसलेल्या आईचा उजवा पाय कायमचा निकामी झाला. तेव्हापासून मी त्यांच्या काखेत आले. मायलेकांचे बोलणे मात्र तुटले. ताट सून अपेक्षा आणून द्यायची.

दर रविवारी मी बाईंना चर्चमध्ये नेत असे. "कुबडी लय मजबूत हाय," असे बाया म्हणत, तेव्हा मला अभिमान वाटे.

एकदा आजाऱ्यांसाठी प्रार्थना सभा झाली. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "दगडाबाई, विश्वास हाय ना? मग टाका ती कुबडी!" बाईंनी मला दूर फेकले, एक पाऊल टाकले आणि त्या कोसळल्या. "विश्वास कमी पडला," असे कोणी पुटपुटले. ते त्यांनी ऐकले.

मग मी खाटेखाली पडून राहिले. माझ्यावर कोळ्यांची जाळी धरली. बाईंनी अंथरूण सोडले नाही.

एके दिवशी चर्चचे पाळक बन्सीधर घरी आले. बाईंनी विचारले, "पाळकसाहेब, खरंच माझा विश्वास कमी पडला का?"

"न्हाई, मावशी. पाय बरा करणं प्रभूच्या हातात हाय. पण तुमचं दुसरंही काही दुखायलंय."

बाई अंथरुणावर उठून बसल्या. मग त्यांनी हाक मारली, "जीवन, इकडं ये."

तो उंबऱ्यातच थांबला.

"तुझ्यावर माझा लय राग व्हता. प्रभूनं मला किती माफ केलंय! मीबी तुला माफ केलं, लेकरा."

जीवन खाली बसून रडू लागला. "माय, मीच तुला पांगळं केलं."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पाळकांनी दोघांसाठी प्रार्थना केली. नंतर जीवनने मला खाटेखालून काढले, पुसले आणि नवी गादी बसवली.

पुढच्या रविवारी तो आईबरोबर चर्चमध्ये आला. बाई माझ्या आधाराने पुढे गेल्या आणि त्यांनी सर्वांसमोर प्रभूच्या कृपेची साक्ष दिली, "पाय तसाच हाय. पण मी बरी झाले."

मित्रांनो, कोणालाही त्याचा आधार टाकून द्यायला सांगू नका. पायरी आली की त्याला हात द्या. आणि कुबडीच्या टोकाचे रबर झिजले की वेळेवर बदला, ओल्या फरशीवर ते घसरते.