भिंतीवरची रेघ

हिरालालच्या अंगावर पाच व्रण होते. हनुवटीखाली एक, लहानपणी बैलगाडीच्या जुवावर आपटल्याचा. डाव्या पोटरीवर एक, धान कापताना विळा लागल्याचा. डाव्या अंगठ्यावर एक, तो कशाचा हे त्यालाही आठवत नव्हतं. उरलेले दोन उजव्या खांद्यावर. पुढचा लाखोळीच्या दाण्याएवढा, गोल आणि आत दबलेला. मागचा चिंचोक्याएवढा, वेड्यावाकड्या कडांचा. ब्रह्मदेशात एका नाल्याकाठी गोळी पुढून शिरली आणि मागून निघून गेली, तिच्या या दोन खुणा. हे पाचही व्रण त्याच्या बायकोला, रुख्माला, अंधारात नुसत्या बोटांनी ओळखता येत.

पंचेचाळीस सालच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीत, तो दरेकशाच्या स्टेशनवर उतरला तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. फौजेने दिलेल्या कागदावर दोन्ही जखमांची जागा आणि माप लिहिलेलं होतं. हात किती वर जातो ते मात्र कोणी लिहिलं नव्हतं, कारण बांधलेला हात कोणी वर करून पाहिलाच नव्हता. पट्टी सुटली त्या दिवशी रुख्माने त्याला घरातल्या भिंतीशी उभं केलं, हात जाईल तितका वर न्यायला सांगितला आणि बोटांच्या टोकाशी कोळशाने रेघ ओढली. बरं वाटेल तशी ही रेघ वर सरकवत जायची, असं तिने ठरवलं. दिवाळीला तिने सगळी भिंत पांढऱ्या मातीने सारवली, पण रेघेभोवतीची वीतभर जागा तशीच सोडली.

रेघ वर सरकली नाही. नांगराची मूठ त्या हाताने धरता येईना, सदऱ्याची गुंडीही रुख्माच लावी. जखमी शिपायाला पेन्शन मिळते म्हणून त्याने अर्ज केला. उत्तर आलं की जखमा भरल्या आहेत, अपंगत्व दिसत नाही. त्यावर त्याने अपील केलं. पेन्शन लागली तर नांगराला एक गडी ठेवता येणार होता आणि शेत दुसऱ्याच्या हाती द्यावं लागणार नव्हतं. गावातला टिकाराम त्याला विचारी की गोळी खरंच जपान्याची होती, की पळताना आपल्याच कोणाची लागली. हिरालाल हसून सोडून देई. पण गोळी सरकारच्या कामात लागली हे सरकारने एकदा म्हणावं, असं त्याला फार वाटत होतं.

पौषात थंडी पडली आणि खांदा ठणकू लागला. तोंडातून आवाज निघू नये म्हणून तो गोधडीचं टोक दातांत धरून पडे. रुख्मा ते पाहत होती. दोन वर्षांपूर्वी त्यांचा बैल खांद्याने अधू झाला होता, तेव्हा शेजारच्या पाड्यातल्या मंगरूबाबाने त्याला तापल्या विळ्याचा डाग दिला आणि महिन्याभरात बैल गाडीला लागला. माणसांनाही त्या भागात पोटदुखीपासून पाठीच्या उसणीपर्यंत डाग देत. रुख्मा मंगरूबाबाला घेऊन आली.

हिरालालने थट्टा करून पाहिली. "बैलाले पेन्शन नाही लागत, मंगरूबाबा. माहं काम अलग आहे."

"पेन्शनीनं रातची झोप येते का?" मंगरूबाबाने विचारलं.

तेव्हा रुख्माही म्हणाली की एकदा करून पाहा, आणि बायकोचं मन मोडायला नको म्हणून हिरालालने सदरा काढला. मंगरूबाबाची रीत ठरलेली होती. दुखणं ज्या दाराने आत गेलं त्या दारावरच डाग द्यायचा. इकडेतिकडे दिला तर गुण येत नाही. इथे दारं दोन होती. म्हणून त्याने एक डाग पुढच्या व्रणावर दिला आणि एक मागच्या. रुख्माने नवऱ्याचं डोकं छातीशी धरून ठेवलं होतं.

डाग चिघळले, मग भरले. ठणका खरंच कमी झाला. पण लाखोळीचा दाणा आणि चिंचोका दोन्ही गेले. त्यांच्या जागी चकचकीत, ताणलेल्या कातडीचे दोन पट्टे आले. रुख्माच्या बोटांना ती जागा परकी लागे. त्यानंतर तिने नवऱ्याला त्या भिंतीशी उभं केलं नाही.

फाल्गुनात अपिलाचं बोलावणं आलं. नागपूरकडच्या एका छावणीत तपासणी होती. सदऱ्याच्या गुंड्यांसाठी रुख्मा बरोबर गेली आणि दाराबाहेर बसली. आत डॉक्टर एक हिंदुस्थानी कप्तान होता, तरुण, थकलेला. जुना कागद समोर ठेवून त्याने खांद्यावर मोजायची पोलादी पट्टी लावली आणि थांबला. कागदात अर्ध्या इंचाचाही नसलेला गोल व्रण इथे दोन इंचांचा भाजलेला पट्टा होता. मागेही तसंच. शेजारचा कारकून म्हणाला की पेन्शनीसाठी लोक जखमा वाढवून आणतात, असे बरेच पाहिले. डॉक्टरने हिरालालला विचारलं, "ये किसने किया?"

हिरालाल समोर पाहत राहिला. डॉक्टरने पुन्हा विचारलं आणि समजावून सांगितलं की हे स्वतः केलेलं ठरलं तर अपील इथेच संपेल आणि त्याचं नाव खोटं बोलणाऱ्यांत लिहिलं जाईल. रुख्माने दाराबाहेरून सगळं ऐकलं. हिंदी तिला पुरती समजत होती. ती पदर सावरून आत गेली.

"डाग मिनं देवविला, साहेब. यायले इचारू नोका."

डॉक्टरने कारण विचारलं. तिने सांगितलं, दुखत होतं म्हणून. रात्रभर गोधडी चावत होते म्हणून. मग डॉक्टरने विचारलं की डागण्याआधी हात किती वर जात होता.

"घरी भितीवर रेघ हाये," रुख्मा म्हणाली.

कारकून हसला. डॉक्टर हसला नाही. त्याने हिरालालचा हात वर करायला लावला, एका साधनाने कोन मोजला आणि आकडा लिहायला सांगितला. मग सावकाश बोलला, की हात अडतो हे खरं आहे. पण गोळीने किती अडतो आणि भाजलेल्या कातडीने किती, हे त्याला आता वेगळं करता येत नाही. आधीचं माप कोणाजवळ नाही. "दीवार यहाँ नहीं आ सकती, बाई," तो म्हणाला, आणि कागद उलटा केला.

परतीच्या गाडीत गोंदिया मागे पडलं.

"कायले आत आली तू?" हिरालालने विचारलं.

"तुमाले चोर म्हणून राहिले होते."

"म्हणू द्याचं होतं. तुहं नाव कागदावर गेलं नसतं."

ज्येष्ठात उत्तर आलं. दरेकशाच्या स्टेशनमास्तरांनी ते वाचून दाखवलं. हिरालालने फसवणूक केल्याचा संशय काढून टाकला होता. हाताची अडचण घरी भाजल्यामुळे आल्याचं मानलं होतं. अपील नामंजूर होतं. मास्तरांनी घडी घालून कागद परत दिला, तो रुख्माने घेतला.

घरी आल्यावर हिरालालने सदरा काढायला तिला खूण केली. तिने गुंड्या सोडल्या. तो जाऊन भिंतीशी उभा राहिला.

"कोळसा आण."

"राहू द्या," ती म्हणाली.

"आण म्हणतो ना. आता मोजाले काय जाते?"

हात जुन्या रेघेपर्यंत पोहोचला, तर डागाने काही नेलं नव्हतं, सरकार चुकलं होतं, आणि रुख्माला तेवढ्यावर झोप लागली असती. हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच त्याने डोळे मिटले, दात आवळले आणि हात वर ढकलला. खांद्याची कातडी पांढरी पडेपर्यंत ढकलला. टाचाही उचलल्या. रुख्माने खाली बसून त्याच्या टाचा दोन्ही हातांनी जमिनीला टेकवल्या. मग उठून बोटांच्या टोकाशी कोळसा ओढला.

तो बाजूला झाला. तिने दोन रेघांच्या मध्ये आपला हात आडवा लावला.

नवी रेघ जुन्या रेघेच्या चार बोटं खाली होती.